नवव्या झेंड्याजवळच्या घागरी

आमच्या साखर कारखान्याच्या गोल्फ मैदानावर गवताचं एक पातं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टीव्हीतली हिरवीगार टेकडी येते, आणि बीड जिल्हा, वडवणी तालुका हे शब्द ऐकले की ते माझ्याकडे संशयाने बघायला लागतात. मैदान होतं. नऊ झेंडे होते. कारखान्याच्या मागच्या मुरमाड माळावर मी स्वतः ते आखलं होतं, आणि त्यावरच माणिकराव ओव्हाळाची पोरगी संघमित्रा गोल्फ शिकली. हौशी खेळाडूची व्यावसायिक खेळाडू झाली. पेपरात फोटो आला, तो पुष्कळांनी पाहिला. मी जे सांगणार आहे ते पेपरात आलेलं नाही, आणि त्यातला निम्मा दोष माझा आहे.

मी रामकिसन. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली शेवटची सात वर्षं राजस्थानातल्या एका छावणीत अफसर लोकांचं गोल्फ मैदान सांभाळण्यात गेली. तिथं पाण्याची बोंब, म्हणून झेंड्याभोवती गवताऐवजी वाळूचं गोल अंगण असायचं. बारीक वाळूत जळकं तेल कालवायचं आणि पसरून चोपायचं. मग वारा सुटला तरी ती उडत नाही. चेंडू शेवटी भोकात ढकलायचा तो या काळ्या अंगणावर. ढकलण्याआधी लोखंडी पाइप ओढून चेंडूपासून भोकापर्यंतची वाट सपाट करून घ्यायची, असा रिवाज. गावी येऊन मी कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो आणि एकदा बोलता बोलता हे सगळं चेअरमन सुंदररावांना सांगून बसलो. झालं. मुंबईच्या बँकवाल्यांपुढे मिरवायला त्यांना काहीतरी हवंच होतं. वाळू सिंदफणा नदीची आली, तेल मिलच्या गिअरबॉक्समधलं आलं, मजूर कारखान्याचे आले. सहकार म्हणजे सगळ्यांचं थोडं थोडं घेऊन एकाची हौस भागवणं, असं मी तेव्हाही म्हणायचो, पण हळू आवाजात.

माणिकराव पंप ऑपरेटर होता. कारखान्याच्या साठवण तलावातून निघणाऱ्या प्रत्येक पाइपाचा वॉल्व्ह त्याच्या हातात. जळक्या तेलाचे डबे मैदानावर वाहून आणायचं जास्तीचं काम त्याच्याच गळ्यात पडलं, आणि त्याच्या मागं मागं नऊ वर्षांची संघमित्रा यायला लागली. तिला सगळे मित्रा म्हणायचे. कुणा बँकवाल्याने विसरलेली पाच नंबरची काठी तिच्या हाती लागली, आणि पहिल्याच आठवड्यात तिने गेस्टहाउसच्या दोन काचा फोडल्या. तिसरी फुटली तेव्हा मी तिचा कान धरायला धावलो. बघतो तर ती उभी होती तिथून खिडकी चांगली शंभर पावलं लांब.

"एवढ्या लांबून चेंडू इकडं आलाच कसा?" मी विचारलं.

"आला न्हाई काका," ती म्हणाली. "मी त्या खिडकीलाच मारलता."

मी कान सोडला. दुसऱ्या दिवसापासून तिला शिकवायला लागलो.

बारा वर्षं शिकवलं. ती अंबाजोगाईला कॉलेजात गेली तरी सुटी लागली की पहिली एसटी धरून माळावर हजर. औरंगाबाद, पुणे, जिथं हौशी मुलींच्या स्पर्धा असतील तिथं मी तिची पिशवी खांद्यावर टाकून जायचो. मोटारीतून उतरणाऱ्या पोरी तिच्या चपलांकडे बघायच्या. मग ती पहिला फटका मारायची आणि त्या चपलांकडे बघायचं विसरायच्या. पण दरवेळी दुसरा नंबर, तिसरा नंबर. हरायची ती शेवटच्या चार पावलांत. वाळूवर वाढलेली पोर, गवतावर अडाणी. वाळूवर वाट आपली आपण करून घेतो. गवतावर वाटेला हात लावता येत नाही, जशी असेल तशी वाचावी लागते. उतार कुठं आहे, पात्यांचा कल कुठं आहे, दव किती आहे. हे आमच्या माळावर शिकवणार कसं?

दोन हजार पंधरात तिला एकविसावं लागलं. हौशी खेळाडूला कप मिळतो, व्यावसायिक खेळाडूला पोट भरता येतं, एवढा साधा फरक. व्यावसायिकांचं कार्ड मिळवायची पात्रता स्पर्धा वर्षातून एकदा, एप्रिलात पुण्याजवळ व्हायची. तीन दिवस खेळायचं, पहिल्या दहा जणींना कार्ड. तिच्या जाण्यायेण्याचा आणि फीचा भार कारखाना उचलायचा, कारण प्रत्येक फोटोत चेअरमन असायचे. पण येत्या मे महिन्यात संचालक मंडळाची निवडणूक होती. सुंदररावांनी स्वच्छ सांगितलं, "यंदा कार्ड आलं तर आलं. पुढच्या साली आमी कुठं आन् तुमी कुठं."

मित्रा त्या दिवशी माझ्याबरोबर नवव्या झेंड्यापर्यंत चालत आली आणि म्हणाली, "काका, मला जमीन न्हाई, मागं कुनी न्हाई. मला एवढं एकच येतंय. हे गेलं तर मी कोन हाय?" मी म्हटलं, पाइप ओढ आणि दहा चेंडू ढकल.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. मृगात ढग यायचे, कारखान्याच्या चिमणीवरून सरकत पलीकडे जायचे. ऊस नव्हता, म्हणून गाळप नव्हतं. दिवाळी झाली तरी बॉयलर पेटला नाही. इतकी वर्षं भोंग्यावर उठणारी माणसं आता भोंगा नाही म्हणून उठायची आणि चिमणीकडे बघत बसायची. पण एक गोष्ट उरली होती. बॉयलरसाठी राखलेलं पाणी साठवण तलावात तसंच पडून होतं. सगळ्या शिवारात तेवढंच एक चमकायचं.

डिसेंबरात सुंदररावांनी मला बोलावून घेतलं. नवव्या झेंड्याजवळून पंपाची लाइन जाते, तिथली वाळू काढा, खरी हिरवळ लावा, पोरीला चार महिने गवतावर घासू द्या. मतदानाच्या आधी कार्ड आलं पाहिजे. मी आनंदाने हो म्हणालो. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती.

पुण्याच्या नर्सरीतून गवताच्या गुंडाळ्या ट्रकने आल्या. जळण घेऊन चाललेली लिंबारवाडीची बायनाबाई थांबली, वाकली, एक पातं तोडून दाताखाली धरलं आणि अशी हसली की डोक्यावरचा भारा हलला.

"आवं सुभेदार, ही तर हराळी हाय! जनम गेला आमचा ही उपटता उपटता, आन् तुमी गाडी करून आनली?"

खरंच हराळी होती. थोडी बारीक, एवढंच. मीही हसलो. बायनाबाईचं ते शेवटचं हसणं मी ऐकलं.

लिंबारवाडी म्हणजे माळाच्या खालच्या अंगाची चाळीस घरांची वस्ती. माणिकरावाचं घर तिथलंच. तो आणि मित्रा कारखान्याच्या कॉलनीतल्या खोलीत राहायचे. त्याची बायको भिमाबाई शेळ्यांपायी वाडीतच राहायची. जानेवारीत वाडीची विहीर आटली, हातपंप कोरडा पडला, आणि सरकारी टँकर सुरू झाला. आठ दिवसांनी एक टँकर. इकडे माझ्या हिरवळीला रोज पहाटे अर्धा तास फवारा. मी एकदा सहज हिशेब केला आणि लगेच सोडून दिला: हिरवळ आठ दिवसांत एक टँकरच प्यायची.

वाडीतून ती हिरवळ दिसायची. सगळा माळ तांबडा, भुरा, आणि मधोमध ते हिरवं ठिगळ. मोकाट गुरं कुंपणापाशी येऊन उभी राहायची, हाकललं तरी हलायची नाहीत. मित्रा तिकडे पाठ करून सराव करायची. महिन्याभरात तिचा हात बसला. पहिल्यांदाच ती गवत वाचायला लागली, आणि मला पुण्याचं कार्ड डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

पहिली घागर आली ती होळीच्या आधी. सकाळी मी गेलो तर फवाऱ्याच्या तोटीला लागून, हिरवळीच्या काठावर, एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, घागर ठेवलेली. रिकामी. गळ्यावर नाव कोरलेलं: केसरबाई. वाडीतली एकटी म्हातारी, तिला मी ओळखत होतो. मला वाटलं विसरली असेल. दुसऱ्या दिवशी तिच्यामागं निळी प्लॅस्टिकची घागर होती, तिच्यावर ऑइलपेंटने बायनाबाईचं नाव. तिसऱ्या दिवशी स्टीलची. आठवड्याभरात सात झाल्या. एकामागं एक, तोटीपासून झेंड्याकडे, हिरवळीच्या मधून. कुणी ठेवताना दिसलं नाही. कुणी काही मागितलं नाही. कुणी शिवीही दिली नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

घरातून निघताना रिकामी घागर आडवी आली तर आमच्याकडे माणूस परत फिरतो, पाणी पितो आणि मग निघतो. इथं तर सात, आणि त्याही पोरीच्या वाटेत. मी रखवालदार शहादेवला तिथं बसवलं. सकाळी आठवी घागर. "डोळा लागलता सायेब," तो म्हणाला आणि जमिनीकडे बघत राहिला. मी त्याच्यावर ओरडलो. सहावी घागर त्याच्या बायकोची होती, हे मला फार उशिरा कळलं.

सुंदरराव गाडीतून उतरले, घागरी बघितल्या आणि दोन पावलं मागं सरले.

"सुभेदार, ही करनी हाय. विरोधकांचं काम हाय हे. उचला आधी." मग माणिकरावाकडे वळून शांतपणे म्हणाले, "आन् माणिक, हिरवळ वाळली तर तू बी वाळलास, समजून घे."

माणिकरावाचे ओठ एकदा हलले होते, ते मला आठवतं.

मी आठही घागरी ट्रॉलीत भरल्या आणि भंगाराच्या आवारात नेऊन टाकल्या. टाकल्या म्हणजे फेकल्या, राग होता. केसरबाईची जर्मनची घागर लोखंडावर आपटून बुडाशी चेपली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ घागरी उभ्या होत्या. पहिल्या आठ त्याच. आणि त्याच क्रमाने: चेपलेली पहिली, निळी दुसरी, स्टीलची तिसरी. एकीचीही जागा बदललेली नव्हती. उन्हाळ्याच्या त्या सकाळी माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

"हात लावू नका काका," मित्रा मागून म्हणाली. "राहू द्या." तिचा चेहरा उतरला होता. तिने चेंडू ठेवला, घागरींच्या रांगेला वळसा घालून भोकात ढकलला. मग पुढचा ठेवला. त्या दिवसापासून ती तशीच खेळली. एकही चेंडू घागरीला लागला नाही. रोज सकाळी एखादी घागर वाढायची. दहा, बारा, पंधरा, सतरा. "मानसं बसल्यावानी वाटतेत," एकदा ती म्हणाली आणि तिने पुढचा चेंडू ठेवला. मी म्हटलं, पुण्याला गर्दी असते, सवय होईल. मला काय, कार्डाशिवाय दुसरं दिसतच नव्हतं.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी अठरावी घागर आली. जुनी, स्टीलची, पोटाशी पोचे आलेली, लग्नातल्या आहेराची. मित्राने वाकून गळ्यावरचं नाव वाचलं आणि ती तिथंच बसली. भिमाबाई माणिकराव ओव्हाळ.

"तुझ्या आईनं बी?" माझ्या तोंडून गेलं. "आईनं बी करनी केली पोरीवर?"

ती उठली आणि चपला न घालता वाडीकडे चालायला लागली. तासाभराने परत आली ती सरळ पंपघराकडे. मी मागं गेलो. माणिकराव वॉल्व्हच्या चाकापाशी उभा होता.

"काका, ही करनी न्हाई," ती म्हणाली. "नंबर हाय हा."

टँकरच्या गावात राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. टँकर यायच्या आधी बाया घागरी रांगेला लावून कामाला जातात. घागर उभी म्हणजे बाई उभी. तिची जागा कुणी घेत नाही, तिची घागर कुणी हलवत नाही. केसरबाईने पाहिलं की या तोटीला रोज पाणी येतं. जिथं रोज पाणी येतं तिथं एक दिवस माणसांनाही देतीलच, असं तिच्या मनाने घेतलं आणि तिने आपली घागर लावली. बायनाबाईने तिची घागर पाहिली आणि मागं स्वतःची लावली. तिच्यामागं तिसरीने. कुणीही कुणाला विचारलं नाही. विचारत बसलं तर नंबर जातो. प्रत्येकीला वाटलं, पुढचीला नक्की काहीतरी कळलेलं आहे.

"मायीला म्हटलं, मला का न्हाई सांगितलंस?" मित्रा म्हणाली. "तर म्हंती, तुला सांगितलं असतं तर तू माझी आधी भरली असती. लोकांचा नंबर मोडला असता."

मी माणिकरावाकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"पैल्या दिवशीच वळखलं सायेब," तो म्हणाला. "पन सांगून काय करू? सांगितलं की पानी सोडावं लागतंय."

"मला बी कळलं होतं," मित्रा म्हणाली. ती रडत रडत बापाकडे वळली. "त्याच क्रमानं परत लावल्या तवाच कळलं. पन मला कळून घ्याचं नव्हतं. दादा, आज घागरीत सोड पानी."

माणिकरावाचा हात चाकावर होता. आणि तो हात मी थांबवला. मी म्हटलं, पोरी, आज पाणी दिलंस तर संध्याकाळपर्यंत चेअरमनच्या कानावर जाईल. तुझ्या बापाला काढतील, उद्याची गाडी येणार नाही, बारा वर्षं मातीत जातील. आठ दिवस थांब. परत आलीस की पहिलं पाणी त्यांनाच. फौजेतल्या माणसाचा शब्द आहे. तिने बापाच्या चाकावरच्या हाताकडे पाहिलं. मग तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गेस्टहाउसपाशी आली तेव्हा केसरबाई हिरवळीवर होती, आपली घागर जागेवर आहे का ते बघायला आलेली. घागरीचा चेपलेला भाग ती अंगठ्याने आतून दाबून बघत होती. मला पाहून तिने पदर पुढं ओढला.

"कवा सुटतंय ग पानी?" तिने मित्राला विचारलं.

"आठ दिवसांनी, आजी. मी आले की."

"बरं. माझी पैली हाय, ध्यान ठेव." मग तिने मित्राच्या चेहऱ्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "जा. चांगलं खेळ."

गाडी निघाली. अठरा रिकाम्या घागरी समोर होत्या. ड्रायव्हरने नमस्कार केला, मी पाणी प्यायलो.

पुण्यात पहिला दिवस वाईट गेला. चाळीस जणींत ती सव्विसावी. तिचं लक्ष नव्हतं, मी चिडलो, ती ऐकून घेत राहिली. दुसऱ्या दिवशी ती असं खेळली की बाकीच्यांच्या पिशव्या वाहणारी पोरं तिच्या मागं फिरायला लागली. तिसऱ्या दिवशी शेवटच्या हिरवळीवर चार पावलांचा चेंडू उरला. गेला तर कार्ड, चुकला तर घर. उतार डावीकडे, गवताचा कल उजवीकडे. तिने एकदाच पाहिलं आणि ढकलला. चेंडू भोकाच्या काठावर क्षणभर थांबला आणि आत पडला. नववा नंबर. मी, साठी ओलांडलेला माणूस, तिथं सगळ्यांसमोर रडलो.

ती रडली नाही. "काका, मला झेंड्याच्या मागं घागरी दिसत होत्या," एवढंच म्हणाली.

टेबलावर फॉर्म होता. हौशी खेळाडू म्हणून यापुढे खेळणार नाही, अशी सही करायची होती. व्यवसाय या रकान्यात तिने ‘गोल्फ’ लिहिलं, आणि पेन खाली ठेवून लगेच बापाला फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा माणिकराव म्हणाला, "बरं झालं. या." आणि फोन ठेवला.

आम्ही एसटीने बीड आणि वडवणी करत नवव्या दिवशी सकाळी पोचलो. कारखान्याच्या फाटकावर मित्राचा केवढा मोठा फ्लेक्स, शेजारी हात जोडलेले सुंदरराव. निवडणूक बिनविरोध झाली होती, मतदानाची गरजच उरली नव्हती. फाटकापाशी माणिकराव उभा होता. त्याने पोरीच्या हातातली पिशवी घेतली आणि चालता चालता सांगितलं.

आम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी टँकर यायचा होता, तो आला नाही. केसरबाईकडे घागर एकच, आणि ती रांगेत. ती उचलून लांब पाण्याला गेली असती तर पहिला नंबर गेला असता. म्हणून पाचव्या दिवशी दुपारी ती तेलाचा रिकामा डबा घेऊन वाडीच्या आटलेल्या विहिरीत उतरली, तळाच्या झऱ्यात वाटीभर मिळतं का बघायला. दगड निसटला. संध्याकाळी शेळ्या वळणाऱ्याला दिसली तेव्हा ती गेलेली होती.

मित्रा थेट हिरवळीकडे गेली. अठरा घागरी होत्या तशा उभ्या होत्या. चेपलेली पहिली.

"दादा, सोड," ती म्हणाली.

माणिकरावाने या खेपेला कुणाकडे पाहिलं नाही. पंपघरात जाऊन त्याने चाक पूर्ण फिरवलं. फवारा काढून टाकून मित्राने तोटी केसरबाईच्या घागरीत धरली. पाणी वाजलं आणि त्या आवाजासरशी वाडीतून बाया चढून यायला लागल्या. पहिली घागर भरली. मित्राने तोटी निळ्या घागरीकडे वळवली, तशी बायनाबाईने तोंडावर हात ठेवला.

"तिची उचलल्याबिगर माझी कशी भरू? तिचा नंबर हाय."

तेव्हा मित्राने घागर डोक्यावर घेतली. अंगावर स्पर्धेचा टीशर्ट, पायांत नवे बूट. ती माळ उतरून केसरबाईच्या कुलूप लावलेल्या दारापर्यंत गेली, मी मागं मागं. घागर मी चेपली होती तिथं फुटली होती. पाणी सारखं ठिबकत होतं, तिची पाठ भिजत होती, आणि माझी वर बघायची हिंमत होत नव्हती. तिने उंबऱ्यावर घागर ठेवली तेव्हा आत अर्धंच पाणी उरलं होतं.

आम्ही परत आलो तोवर रांग पुढं सरकत होती. दहावी भरली, पंधरावी भरली, सतरावी भरली. अठराव्या घागरीत तोटी गेली आणि पाइप खोकला. थोडा गाळ आला, मग नुसती हवा. माणिकरावाने तलावाकडे पाहिलं. ज्या ज्या गावात कारखान्याचे सभासद होते त्या गावांना चेअरमननी आठ दिवस कारखान्याचे टँकर पाठवले होते, दिवसाला तीस. लिंबारवाडीत कुणाकडे ऊस नव्हता, म्हणून सभासद नव्हता, म्हणून टँकर नव्हता. तलावातलं पाणी फुटवॉल्व्हच्या, म्हणजे पंपाच्या ओढणाऱ्या तोंडाच्या, खाली गेलं होतं.

"माय," मित्रा म्हणाली. तिला रडू फुटलं.

भिमाबाईने घागर तिरपी करून आतला गाळ सांडला, पदराने तिचा तळ पुसला आणि ती काखेत घेतली.

"रडतीस कशाला?" ती म्हणाली. "पुढच्या बारीला लवकर लावीन."